खिशातला खडा

प्रास्ताविक

मूल खेळून घरी येते, तेव्हा त्याच्या खिशात काही ना काही सापडतेच. चिंचोका, बाटलीचे झाकण, एखादे पीस आणि हमखास एखादा खडा. कपडे धुताना तो हाती लागला, की आपण तो खिडकीबाहेर भिरकावून देतो. पुढील लेख त्याच खड्याविषयी आहे. दगड कसे तयार होतात, त्यांचे मुख्य प्रकार कोणते आणि घरातील साध्या वस्तू वापरून त्यांची पारख कशी करावी, हे लेखात सांगितले आहे. त्याचबरोबर हा अभ्यास आपल्या मुलांसोबत कसा करावा, याचाही विचार केला आहे. लेख वाचताना अंगणातील किंवा रस्त्याच्या कडेचा एखादा दगड धुऊन जवळ ठेवा.

१. एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी मी एका अभ्यासकेंद्रात मराठीच्या संपर्कवर्गासाठी गेले होते. त्या दिवशीचा विषय होता परिच्छेदलेखन. 'मुलाने विचारलेला एक प्रश्न' या विषयावर प्रत्येकाने दहा ओळी लिहायच्या होत्या. तिशीतली एक विद्यार्थिनी कोरा कागद पुढे ठेवून बसली होती. विचारले, तेव्हा संकोचून म्हणाली, "मॅडम, परवा माझा मुलगा एक दगड घेऊन आला. 'आई, याला एवढी भोकं कशी पडली?' असं विचारत होता. मी म्हटलं, टाकून दे तो. सातवीत शाळा सोडलेली मी. मला काय माहीत?"

"कसा होता दगड?" मी विचारले.

"मांजऱ्या होता," ती सहज म्हणाली.

हा शब्द वर्गातील अनेकांना नवा होता. तिचे वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. लहानपणी ती डबा घेऊन त्यांच्याकडे जात असे. विहीर खोदताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग ठिपक्याठिपक्यांचा, भोके असलेला मांजऱ्या आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा पाषाण, असा सगळा क्रम तिने हातवारे करीत सांगितला. "वडील म्हणायचे, मांजऱ्यात पाणी, काळ्यात नुसता घाम," असे सांगून ती हसली.

भूशास्त्राच्या पुस्तकात दख्खनच्या खडकांचे जे वर्णन आढळते, त्यातील बराच भाग ती बोलून गेली होती. भोके कशी पडली, एवढेच तिला सांगता येत नव्हते. ते या लेखात पुढे येईलच. परंतु जे तिला ठाऊक होते, त्यालाही ती 'काही माहीत नाही' असेच म्हणत होती. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या अनेकांचे असेच होते. मुलाला शिकवणे हे शिकलेल्यांचे काम आहे, असे मानून ते मागे सरतात. दगडांचा अभ्यास हा असा विषय आहे, की त्यात मागे सरण्याचे कारण नाही.

२. शब्दांतून दिसणारे दगड

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करू. 'दगड' या एका अर्थासाठी मराठीत किती शब्द आहेत, ते पाहा. मुठीत मावतो तो खडा. नदीच्या पाण्याने घोटून गुळगुळीत केलेला तो गोटा. ओबडधोबड आणि जड तो धोंडा. जमिनीवर दूरवर उघडा पसरलेला तो कातळ. रुंद आणि सपाट ती शिळा. बांधकामासाठी घडवलेला तो चिरा. फोडून रस्त्यावर पसरतात ती खडी. खडक कुजून भुसभुशीत झाला, की मुरूम. त्याहून बारीक कण म्हणजे रेती आणि वाळू.

हे शब्द केवळ समानार्थी नाहीत. आकार, रूप, जागा आणि उपयोग यांवरून आपल्या पूर्वजांनी केलेली ती वर्गवारी आहे. सोने घासून पाहण्याच्या काळ्या दगडाला कसोटी म्हणतात. आज आपण परीक्षेला, क्रिकेटच्या सामन्याला आणि माणसाच्या धीरालाही तोच शब्द लावतो.

मुलाबरोबर पहिला खेळ हाच खेळावा. वेगवेगळे दहा दगड गोळा करा आणि 'यांचे गट कर' एवढेच त्याला सांगा. कोणी रंगावरून गट करील, कोणी वजनावरून, कोणी स्पर्शावरून. त्याच्या पद्धतीला चूक म्हणू नका. "तू हे दोन एकत्र का ठेवलेस?" एवढेच विचारा. कारण सांगता सांगता मूल नीट पाहू लागते. शास्त्राच्या अभ्यासाची सुरुवात अशीच होते.

३. घर हेच संग्रहालय

दगड पाहण्यासाठी डोंगरावर जावे लागत नाही. स्वयंपाकघरात पाटा-वरवंटा असेल, माळ्यावर जुने जाते असेल. दख्खनच्या पठारावर या वस्तू बहुधा काळ्या बसाल्ट खडकाच्या घडवतात. पायाखाली शहाबादी फरशी असेल, तर ती कर्नाटकातून आलेला चुनखडक आहे. राजस्थानातील कोटा फरशीही चुनखडकाचीच. देव्हाऱ्याचा पांढरा दगड बहुधा संगमरवर असतो. उपवासाचे सैंधव हे खनिज मीठ आहे. प्राचीन काळी आटून गेलेल्या समुद्राचा तो अवशेष. पानाला लावायचा चुना चुनखडीचे दगड भट्टीत भाजून करतात. अंगणातील तुळशीवृंदावनाचा गेरू म्हणजे लोहयुक्त खनिजाची माती. अंगाला लावायच्या टाल्कम पावडरीत बहुधा संगजिरे असते आणि ते ज्ञात खनिजांपैकी सर्वांत मऊ खनिजांत मोडते. मुलाच्या शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते. तिच्यात ग्रॅफाइट हे खनिज आणि चिकणमाती असते.

काही घरांत देवपूजेत शाळिग्राम असतो. नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रात हे दगड मिळतात. त्यांतील चक्राकार खुणा म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा असतो. आज जेथे हिमालय उभा आहे, तेथे एके काळी समुद्र होता, याची ती साक्ष आहे. ही माहिती दिल्याने घरातील श्रद्धेला बाधा येत नाही. एकाच वस्तूकडे पूजेच्या आणि अभ्यासाच्या अशा दोन्ही दृष्टींनी पाहता येते, हे मुलांना लवकर समजते.

४. खडकांची तीन कुळे

जगातील सर्व खडकांची तीन मोठ्या गटांत विभागणी करतात.

(अ) अग्निजन्य खडक : पृथ्वीच्या पोटातील वितळलेला शिलारस थिजून हे खडक तयार होतात. शिलारस भूपृष्ठावर आला, की त्याला लाव्हा म्हणतात. उघड्यावर तो लवकर थंड होतो. म्हणून बसाल्टचे कण नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. हाच शिलारस जमिनीत खोल राहून हजारो-लाखो वर्षे संथपणे थंड झाला, तर त्यात मोठे स्फटिक वाढतात. ग्रॅनाइटमध्ये पांढरे, गुलाबी, काळे दाणे स्पष्ट दिसतात ते यामुळेच.

मुलाला हे साखरेवरून सांगता येईल. चिक्कीचा पाक ताटात ओतला, की भराभर थिजतो आणि त्यात दाणा दिसत नाही. खडीसाखर मात्र पाक अनेक दिवस न हलवता ठेवून करतात, म्हणून तिचे खडे टपोरे आणि पैलूदार होतात. खडक आणि साखर घडण्याच्या क्रिया वेगळ्या आहेत. तरी स्फटिकाला वाढायला वेळ लागतो, हे तत्त्व दोहोंकडे सारखेच आहे. ओट्याचा दगड पाहताना मात्र एक ध्यानात ठेवावे. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून बाजारात विकला जाणारा दगड पुष्कळदा खरा ग्रॅनाइट नसतो. नावापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

(आ) स्तरित खडक : वारा, पाऊस आणि नद्या जुन्या खडकांची झीज करतात. तो गाळ समुद्रात किंवा सरोवरात थरावर थर साचतो, दाबाने घट्ट होतो आणि त्याचा खडक बनतो. वाळूपासून वालुकाश्म होतो, चिखलापासून पंकाश्म होतो. चुनखडक बहुधा समुद्री प्राण्यांच्या कवचांपासून किंवा पाण्यात विरघळलेल्या चुन्यापासून बनतो. प्राण्यांचे आणि वनस्पतींचे ठसे, म्हणजे जीवाश्म, मुख्यतः याच खडकांत सापडतात.

याचा प्रयोग अगदी सोपा आहे. काचेच्या रिकाम्या बाटलीत मूठभर रेताड माती घाला, वर पाणी भरा, झाकण लावून खूप हलवा आणि बाटली खिडकीत ठेवून द्या. जाड वाळू काही क्षणांतच तळाशी बसेल. तिच्यावर बारीक गाळ बसेल. सर्वांत हलकी चिकणमाती खाली बसायला एखादा दिवसही लागेल. दुसऱ्या दिवशी मुलाला बाटलीतील थर मोजायला सांगा. पूर ओसरल्यावर नदीकाठी असेच घडते.

(इ) रूपांतरित खडक : जुना खडक जमिनीत खोल दबला जाऊन प्रचंड दाब आणि उष्णता यांमुळे बदलतो, तेव्हा हे खडक बनतात. चुनखडकाचा संगमरवर होतो, पंकाश्माची पाटी होते. होय, पाटीच! लाकडी चौकटीत बसवलेली पूर्वीची काळी पाटी हा रूपांतरित खडकाचा पातळ पापुद्रा असे. ज्या पाटीवर आपल्यापैकी अनेकांनी पहिले अक्षर गिरवले, ती मुळात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा चिखल होती.

५. भोके कशी पडली?

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या पश्चिम व मध्य भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. एक प्रवाह थिजे, काही काळ जाई, मग त्यावर दुसरा प्रवाह येई. अशा थरांनी बनलेला हा प्रदेश आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर एवढा आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्यात येतो. मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक आणि तेलंगण यांचेही काही भाग त्यात मोडतात. त्याला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सह्याद्रीचे डोंगर दुरून पाहिले, तर त्यांच्या कड्यांत या पायऱ्या स्पष्ट दिसतात.

लाव्ह्यात वायू मिसळलेले असतात. लाव्हा जमिनीवर आला, की ते बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊ लागतात. आंबोळी तव्यावर घातली, की तिच्या वरच्या बाजूला जाळी पडते आणि खालची बाजू सपाट राहते. लाव्ह्याच्या प्रवाहाचेही काहीसे असेच होते. वर आलेले बुडबुडे बाहेर पडण्यापूर्वीच वरचा भाग थिजतो आणि त्यांची जागा पोकळ राहते. हीच ती भोके. प्रवाहाचा मधला भाग सावकाश थिजतो. त्यात बुडबुडे उरत नाहीत, म्हणून तो घट्ट काळा पाषाण बनतो. पुढे खडकात मुरलेल्या पाण्यातून काही पोकळ्यांत पांढरी, हिरवट खनिजे जमतात. मांजऱ्यावरचे ठिपके म्हणजे ती खनिजे.

यावरून विहीर खोदणाऱ्याचा अनुभवही उलगडतो. भोके, भेगा आणि कुजलेला मुरूम यांत पाणी साठते व वाहते. घट्ट पाषाणात भेग नसेल, तर पाण्याला जागाच नसते. घरी हे पाहायचे असेल, तर एक सच्छिद्र आणि एक घट्ट असे दोन कोरडे दगड पाण्याच्या बादलीत सोडा. सच्छिद्र दगडातून बुडबुडे निघतील, घट्ट दगड गप्प राहील. बुडबुडे निघाले, त्या जागी पाणी शिरले. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावातील मुलाला हा प्रयोग जरूर दाखवावा.

६. हात, खिळा आणि लिंबू

दगड ओळखण्याच्या काही कसोट्या घरी करता येतात.

स्पर्श आणि वजन : दगड धुऊन, वाळवून हातात घ्या. तो खरखरीत आहे की गुळगुळीत, आकाराच्या मानाने जड आहे की हलका, त्यात दाणे दिसतात का, थर दिसतात का, हे मुलाला सांगू द्या.

नाद : दगडावर दुसऱ्या दगडाने हलकेच ठोकून ऐका. पूर्वी पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बाया दारोदार येत. पाटा आतून चिरला आहे का, हे त्या ठोकून, नादावरूनच सांगत. अखंड दगड खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो.

काठिण्य : १८१२ मध्ये फ्रीड्रिख मोस या जर्मन शास्त्रज्ञाने खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी श्रेणी तयार केली. तिच्यात संगजिरे पहिले आणि हिरा दहावा. आपले नख साधारण अडीच, काच साडेपाच आणि गारेतील क्वार्ट्झ सात. नखाने ओरखडा उठतो का, लोखंडी खिळ्याने उठतो का, हे पाहा. खिळ्याची रेघ दिसली, तर तिच्यावरून ओले बोट फिरवा. पुसली गेली, तर ती खिळ्याच्या लोखंडाची रेघ. दगड खिळ्यापेक्षा कठीण आहे. बोटाला चर लागला, तर दगड मऊ आहे.

आम्लाची कसोटी : फरशीच्या तुटक्या तुकड्यावर खिळ्याने घासून थोडी भुकटी करा आणि तिच्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे आले, तर दगडात चुन्याचे खनिज आहे. हा प्रयोग घरातील चांगल्या फरशीवर करू नये, तिच्यावर डाग पडतो.

प्रत्येक दगडाला एक क्रमांक द्या आणि तो कोठे सापडला, कोणत्या दिवशी सापडला, कोणत्या कसोटीत काय दिसले, हे वहीत लिहा. मूल लिहू शकत नसेल, तर ते सांगेल आणि तुम्ही लिहाल. तुमचाही लेखनाचा सराव होईल.

७. लुगड्यावरचा काळ

'कोटी वर्षे' म्हणजे नेमके किती, हे मुलालाच काय, मोठ्यांनाही उमजत नाही. त्यासाठी घरातील एखादे नऊवारी लुगडे घ्या. पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे आहे. म्हणजे लुगड्याचा एक वार झाला ५० कोटी वर्षांचा. आतल्या टोकाला पृथ्वीचा जन्म आणि पदराच्या शेवटच्या काठाला आजचा दिवस, असे मानून ते अंगणात पसरा.

बंगळुरूच्या लालबागेत एक मोठा कातळ आहे. तो सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. त्याची जागा पदराच्या काठापासून सहा वार मागे येईल. दख्खनचा काळा पाषाण काठापासून अवघ्या बारा सेंटीमीटरवर, म्हणजे साधारण सहा-सात बोटांवर येतो. आपण ज्याला अतिप्राचीन म्हणतो, तो सह्याद्रीचा दगड पृथ्वीच्या मानाने तरुण आहे. आणि आपण, म्हणजे आजचा माणूस? सुमारे ३ लाख वर्षे. ते लुगड्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतील, म्हणजे काठाचे एक-दोन धागे. हे पाहून मुले क्षणभर गप्प होतात. त्यांना लगेच काही समजावून सांगू नये.

८. तुमच्या गावचा दगड

मराठी बोलणारी माणसे भारतभर पसरली आहेत. प्रत्येकाच्या पायाखालचा दगड वेगळा आहे आणि मुलाने तोच आधी ओळखावा.

इंदूर-उज्जैनकडे राहत असाल, तर माळव्याची काळी जमीन दख्खनच्याच लाव्ह्यापासून झालेली आहे. ग्वाल्हेरचा किल्ला वालुकाश्माच्या डोंगरावर उभा आहे. जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदेने संगमरवर कापून वाट काढली आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या तटासाठी तांबडा वालुकाश्म वापरला आहे. हैदराबादेत रस्त्याच्या कडेला दिसणारे प्रचंड गोल धोंडे ग्रॅनाइटचे आहेत. कोकणात आणि गोव्यात घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या असतात. उष्ण हवा आणि मुबलक पाऊस यांमुळे मूळचा खडक कुजून, लोहाने तांबडा होऊन जांभा बनतो. फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातील अंगाडिपुरम येथील अशा खडकाला वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटराइट' असे नाव दिले.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मोठा मराठी शिलालेख आहे. सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये तो कोरला गेला. मऊ दगडावरची अक्षरे पावसापाण्याने लवकर झिजली असती. ग्रॅनाइटवर कोरलेली ती अक्षरे दोन शतकांनंतर आजही वाचता येतात. दगडाची निवड ही लेखनाचीही बाब असते, हे त्यावरून कळते.

९. मुलाशी बोलताना

मुलाने दगड आणून दाखवला, की आपल्याला चटकन नाव सांगून मोकळे व्हावेसे वाटते. नाव कळले, की मुलाचे पाहणे मात्र तेथेच थांबते. म्हणून तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. 'यात तुला काय दिसते?' 'हे कसे झाले असेल?' आणि 'तुला हे कशावरून वाटले?' तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

उत्तर येत नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. "मला माहीत नाही, आपण शोधू," हे वाक्य मोठ्यांच्या तोंडून ऐकलेले मूल पुढे प्रश्न विचारायला भीत नाही. खोटे उत्तर मात्र देऊ नये. मुलाला ते आज ना उद्या कळतेच. प्रश्न वहीत लिहून ठेवा. शाळेतील शिक्षक, वाचनालयातील पुस्तक, गावातील गवंडी, पाथरवट किंवा विहीर खोदणारा, यांपैकी कोणीतरी त्यात भर घालील. १८५१ मध्ये स्थापन झालेली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था देशभरातील खडकांचे नकाशे तयार करते. तिच्या कामाचीही मुलांना ओळख करून द्यावी.

काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. खाणीत, दरडीखाली किंवा पुराच्या वेळी नदीकाठी दगड शोधायला जाऊ नये. लेणी, किल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्थळे येथील एक खडाही उचलू नये, तेथे केवळ पाहावे. लहान मुलांनी हातोडीने दगड फोडू नयेत, कपची डोळ्यात जाते. कळीच्या चुन्याला मुलांना हात लावू देऊ नये.

आणि दगडाची भुकटी श्वासावाटे आत जाऊ देऊ नये. घरातील प्रयोगात ती चिमूटभर असते, पाण्याने ओली करून पुसली की झाले. पण काही माणसांच्या वाट्याला ती दिवसभर येते. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसांत दगडाची धूळ साचून अनेकांना सिलिकोसिस हा आजार झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या आजाराचे वैद्यकीय अभ्यास झाले. हा आजार बरा होत नाही, तो टाळावाच लागतो. दगड कापताना पाण्याची धार सोडणे आणि धूळ खेचून घेणारी यंत्रे बसवणे, हे त्याचे मुख्य उपाय आहेत. तुमच्यापैकी कोणी खाणीत, खडी-केंद्रात किंवा फरशीच्या कामावर असेल, तर ही माहिती मुलाइतकीच तुमच्यासाठीही आहे. ज्या हातांनी देशातील घरे, रस्ते आणि मंदिरे उभी केली, त्या हातांना दगडाविषयी जे ठाऊक आहे, ते त्यांच्या मुलांनी अभिमानाने ऐकावे.

समारोप

त्या दिवशी संपर्कवर्गाच्या अखेरीस त्या विद्यार्थिनीने आपला परिच्छेद पूर्ण केला. अक्षर वळणदार नव्हते, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती. माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण हा क्रम तिने नीट मांडला होता. वडिलांचे वाक्यही लिहिले होते. शेवटची ओळ अशी होती : 'घरी गेल्यावर आधी तो दगड शोधीन, मग मुलाला हाक मारीन.'

स्वाध्याय

१. विद्यार्थिनीने सांगितलेला खडकांचा क्रम आणि लेखातील लाव्हा-प्रवाहाचे वर्णन यांचा संबंध स्पष्ट करा.

२. बसाल्टमध्ये दाणे का दिसत नाहीत आणि ग्रॅनाइटमध्ये का दिसतात, ते साखरेच्या उदाहरणाच्या आधारे सांगा.

३. खडा, गोटा, धोंडा, शिळा, चिरा या शब्दांतील अर्थच्छटा सांगून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

४. तुमच्या परिसरातील एखाद्या दगडाची लेखातील कसोट्यांनुसार पाहणी करा आणि दहा ओळींत वर्णन लिहा.

५. तुमच्या घरातील किंवा शेजारातील एखाद्या व्यक्तीला दगड, माती किंवा पाणी यांविषयी अनुभवाने मिळालेले ज्ञान विचारा आणि ते त्या व्यक्तीच्याच शब्दांत लिहून काढा.